पायडल आणि पादत्राण

सायकलीला आरंभी पायडल नव्हतेच. जर्मनीतील कार्ल ड्राइस याने १८१७ साली दोन चाकांची लाकडी गाडी तयार केली. तिच्यावर बसणारा स्वार दोन्ही पायांनी जमीन मागे रेटीत पुढे जात असे. पुढे १८६० नंतरच्या दशकात पॅरिस येथे पुढच्या चाकाला पायडले बसविण्यात आली आणि १८८५ मध्ये इंग्लंडच्या जॉन केंप स्टार्लीने साखळीने मागचे चाक फिरविणारी ‘रोव्हर’ सायकल लोकांपुढे आणली. आजची सायकल बव्हंशी तशीच आहे. पाय जमिनीपासून सुटले खरे, पण त्यांची सारी भिस्त तळहाताएवढ्या एका तुकड्यावर येऊन पडली.

सायकल विकत घेताना लोक तिचा रंग पाहतात, घंटी वाजवून पाहतात; पायडलाकडे क्वचितच कोणी पाहतो. ही चूक महागात पडू शकते. रोजच्या सायकलीच्या पायडलावर बहुधा रबराच्या दोन पट्ट्या असतात. त्यांवरील खाचा ताज्या असेपर्यंत पाय घट्ट बसतो. खाचा झिजून रबर गुळगुळीत झाले, की पहिल्याच पावसात पाय निसटतो. चढावर उभे राहून जोर लावताना असे झाले, तर स्वाराचा तोल जातो आणि पायडलाची कड नडगीवर आदळते. मागून एखादे वाहन येत असेल, तर गोष्ट नडगीवर भागत नाही. अशा वेळी रबर किंवा सबंध पायडलच बदलावे. दातेरी कडांचे धातूचे पायडल ओल्या बुटालाही धरून ठेवते. परंतु पातळ चपलेतून ते तळव्याला टोचते, आणि पाय सुटलाच तर जखमही खोल करते.

पायडल बदलताना एक मौज ध्यानात येते. उजव्या पायडलाचे आटे नेहमीसारखे असतात, डाव्याचे मात्र उलटे. तसे नसते, तर चालता चालता डावे पायडल हळूहळू सैल होऊन गळून पडले असते. पान्हा उभा धरून त्याचे वरचे टोक पुढच्या चाकाकडे ओढले, की कोणतेही पायडल आवळले जाते. मागे ओढले, की सुटते. पुष्कळ पायडलांवर डाव्यासाठी एल आणि उजव्यासाठी आर ही इंग्रजी अक्षरे कोरलेली असतात. ती न पाहता बळजबरी करणारा क्रँकचे आटेच बिघडवून बसतो.

पाय ठेवण्याचीही एक जागा आहे. तळव्याचा मधला खोलगट भाग नव्हे, तर चवडा पायडलाच्या आसावर यावा. म्हणजे पोटरीचे व घोट्याचे बळ कामी येते. त्यासाठी पादत्राण पायात पक्के बसणारे हवे. सैल स्लीपर चढावर हमखास गळून पडते. फार मऊ व जाड तळाच्या बुटात पायाचा जोर जिरतो, तर गुळगुळीत चामड्याचा तळ ओल्या रबरावर घसरतो. शाळेतील कवायतीचे, सपाट रबरी तळाचे कॅनव्हासचे बूट या कामाला उत्तम. मागे पट्टा असलेली सँडलही चालते. बुटाची नाडी मात्र आत खोचावी, विशेषतः उजव्या पायाची, कारण साखळी त्याच बाजूला असते.

शर्यतीतील स्वारांचे प्रकरण निराळे. लुक या फ्रेंच कंपनीने १९८४ मध्ये बुटाला अडकणारे पायडल आणले आणि १९८५ मध्ये बर्नार्ड इनो त्यावरच ‘तूर द फ्रान्स’ जिंकला. त्यात पाय निसटत नाही. सोडवायचा तर टाच बाहेर वळवावी लागते. घरोघर थांबणाऱ्या दूधवाल्याला किंवा डबेवाल्याला ही युक्ती काय कामाची? म्हैस आडवी आली, तर त्याचा पाय विचार न करता जमिनीवर टेकला पाहिजे.

म्हणून नवी सायकल रोजच्याच पादत्राणांनिशी चालवून पाहावी. जुन्या सायकलीचे पायडल अधूनमधून हाताने फिरवावे. ते करकरले किंवा आसावर डुगडुगले, तर आतील छर्रे झिजले असण्याचा संभव असतो. मग त्याच दिवशी ती दुकानात न्यावी.