परत फिरायची परवानगीही आधीच घे

अगं, मुख्याध्यापकांनी अर्ज परत पाठवला म्हणून इतकी हिरमुसू नकोस. नववीच्या मुलांना वासोट्याला न्यावं असं तुझ्या मनात आलं, याचंच मला फार कौतुक आहे. पण तुझा अर्ज मी नीट वाचला. दुर्गभ्रमंती, निसर्गशिक्षण, सांघिक भावना हे सगळं त्यात आहे. ज्यांच्या सहीवर चाळीस मुलं रानात जाणार, त्यांना त्या रात्री झोप लागेल असं मात्र त्यात काही नाही. ट्रेक चांगला असतो हे सरांना पटलेलंच असतं गं. एखाद्या मुलाचा पाय मुरगळला तर पुढे काय, हे त्यांना हवं असतं.

तू वेळापत्रक सकाळपासून मांडलंयस. ते उलट्या बाजूने मांडून बघ. वासोटा कोयना अभयारण्यात, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो. गडावर मुक्कामाला मनाई आहे. बामणोलीला वनखात्याची परवानगी घ्यायची, शिवसागर जलाशयातून तास-दीड तास लाँचने जायचं, पलीकडे मेट इंदवलीच्या चौकीत नोंद करायची आणि मग दाट झाडीतला चढ. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. लाँच उजेडी बामणोलीला लागायची, तर चार वाजता ती पलीकडून सुटायला हवी. उतरायला मुलांना दोन तास धर, म्हणजे माथा दोनला सोडायचा. जेवण आणि गड बघायला तास दिला, तर एक वाजता वर पोचलेलं असायला हवं. पहिल्यांदाच डोंगर चढणारी मुलं घेऊन तीन तास लागतील. चौकीत प्लास्टिकच्या बाटल्या-पुड्या मोजून लिहून घेतात, त्यात अर्धा तास सहज जातो. असं मागे मागे येत गेलीस की लाँच सकाळी आठलाच बामणोलीहून सुटायला हवी. आणि तू लिहिलंयस, 'पहाटे पाचला पुण्याहून प्रस्थान'! ते जमणारच नाही. तीनला निघालीस तर ड्रायव्हर आणि मुलं दोघंही अर्धवट झोपेत, वर साताऱ्यापुढचा घाट. मला विचारशील तर अशा सहलींत सगळ्यात जपायचं असतं ते रस्त्याला. आदल्या दिवशी उजेडात निघा आणि बामणोलीलाच राहा. खर्च वाढेल. वाढू दे.

आता मुख्य गोष्ट. या आराखड्यात एक वाक्य ठळक लिही: 'दुपारी एकपर्यंत माथा गाठला नाही, तर गट जिथे असेल तिथून परत फिरेल.' आणि त्यावर सरांची सही घे. पालकांच्या सभेत ते वाचून दाखव, मुलांनाही आधीच सांग. जायची परवानगी सगळेच मागतात, परत फिरायची कुणी मागत नाही. मग ऐन वेळी काय होतं? माथा अर्ध्या तासावर असतो, मुलं 'ताई, प्लीज' करत असतात, सगळ्यांनी पैसे भरलेले असतात आणि निर्णय तुझ्या एकटीच्या डोक्यावर येऊन बसतो. त्या क्षणी भल्याभल्यांचा पाय मागे फिरत नाही. तो निर्णय महिनाभर आधी, शाळेच्या कचेरीत, थंड डोक्याने झालेला असला की तुला फक्त घड्याळ बघायचं उरतं. एखादं मूल वाटेतच थकलं तर त्याच्यासोबत कोणते दोन मोठे थांबतील, हेही नावानिशी लिहून ठेव. मोठी माणसं सहापेक्षा कमी नकोत. पुढे एक, सगळ्यांच्या शेवटी एक आणि त्या शेवटच्या माणसाच्या मागे एकही मूल नाही. मुली आहेत, तेव्हा दोन बायका तरी हव्यातच. पाळीचं साहित्य तुझ्या सॅकमध्ये असू दे आणि ते आहे हे मुलींना निघण्याआधीच सांग. या वयाची पोर तोंड उघडून मागत नाही.

आणि ते आरोग्याचे फॉर्म! सगळे पालक सगळ्या रकान्यांत 'नाही' लिहून पाठवतात. खोटं लिहायचं म्हणून नाही गं, खरं लिहिलं तर लेकराला नेणार नाहीत ही भीती असते. म्हणून प्रत्येक घरी फोन कर. 'काही त्रास आहे का' असं विचारू नकोस. 'रात्री खोकला येतो का, कधी चक्कर आली होती का, रोजची गोळी कोणती, घराबाहेर झोपायची सवय आहे का' असं एकेक विचार. मग हळूच कळतं की थंडीत पंप लागतो. तो पंप मुलाच्या सॅकच्या वरच्या कप्प्यात हवा, जास्तीचा एक तुझ्याजवळ. 'त्रास कळला म्हणून नेणार नाही असं नाही, कळला म्हणूनच नीट नेता येईल,' हे त्या आईला आधी सांग. संमतीपत्रात 'सर्वस्वी जबाबदारी आमची' अशी ओळ घातली की आपण सुटलो असं काही जण समजतात. निष्काळजीपणा झाला तर ती ओळ कुणालाच वाचवत नाही.

सरांच्या मनातलं भयही समजून घे. फेब्रुवारी 2016 मध्ये पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतले 14 विद्यार्थी मुरूडच्या समुद्रात बुडाले. त्यानंतर सहलींच्या परवानग्या कडक झाल्या आणि त्या व्हायलाच हव्या होत्या. शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी ही कटकट वाटते, पण तिथला प्रत्येक रकाना कुणाच्या तरी घरातल्या दुःखातून आलाय असं समजून भर. बाहेरच्या संस्थेला सोबत घेणार असशील तर आणखी एक बघ. ऑगस्ट 2021 पासून राज्याचं साहसी पर्यटन धोरण लागू आहे, त्यानुसार साहसी उपक्रम घेणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. ते प्रमाणपत्र माग. त्या दिवशी प्रत्यक्ष कोण येणार, त्यांचं गिर्यारोहणाचं आणि प्रथमोपचाराचं शिक्षण कुठे झालंय, हेही विचार. उत्तरकाशीला किंवा दार्जिलिंगला कोर्स केलेली माणसं आपल्याकडे पुष्कळ आहेत. पण जाहिरातीत एक आणि गाडीत दुसराच, असं होऊ देऊ नकोस.

रेकीला तू स्वतः जा, सहलीच्या दोन-तीन आठवडे आधी. गेल्या वर्षी गेलेल्या मैत्रिणीचा शब्द पुरत नाही; सह्याद्रीत पाणी आणि वाटा दोन्ही बदलतात. पावसाळ्यात वासोटा बंदच असतो, पाऊस सरताच गेलात तर रान ओलं आणि जळवा फार. फेब्रुवारीनंतर ऊन चढतं. गडावरच्या कड्यांना आग्या मोहोळं असतात का, वनखात्याच्या माणसाला विचार. मुलांना अत्तर-सेंट लावू देऊ नकोस आणि धूर तर अजिबात नको. रानात मोबाइलला रेंज नसते, तेव्हा कुणाच्या फोनला कुठे रेंज येते ते रेकीच्या दिवशीच टिपून घे. पायथ्यापासून साताऱ्याच्या दवाखान्यापर्यंत लाँच आणि घाट धरून अडीच तास तरी जातील. हा आकडा अर्जात लपवू नकोस, पहिल्याच पानावर लिही. लाँचवाल्याशी आधीच बोल, अडचण आली तर वेळेआधी निघायला तो पलीकडेच थांबेल असं ठरव. लाइफ जॅकेट मुलांच्या मापाची आहेत का, तेही रेकीलाच बघून घे.

एवढं लिहिलंस की सरांकडे पुन्हा जा आणि त्यांना म्हण, 'यात काय राहिलंय ते तुम्ही सांगा.' ते दोन-तीन गोष्टी सांगतील, त्या खऱ्याच राहिलेल्या असतील. नववीचं वर्ष आहे, पुढच्या वर्षी ही पोरं दहावीच्या क्लासला जुंपली जातील. म्हणून ही सहल व्हायलाच हवी असं मला मनापासून वाटतं. आजच बस आणि अर्ज नव्याने लिही. डिसेंबरातल्या शनिवार-रविवारी बामणोलीला फार गर्दी असते, तेव्हा मधला वार माग.