भाता आधी, बोटे नंतर

हार्मोनियम शिकण्यास सर्वांत सोपे वाद्य आहे, अशी जी समजूत घरोघरी रूढ आहे, तिचा आधार एवढाच की, या वाद्यात स्वर आयता मिळतो. बासरीत फुंकर साधेपर्यंत महिने जातात, सतारीच्या तारा जुळवता जुळवता नवशिक्याचा धीर सुटतो. परंतु पेटीची पट्टी दाबली आणि भाता हलविला की अजाण बालकाच्या हातूनही स्वच्छ षड्ज उमटतो. ही आयती प्राप्तीच शिकणाऱ्याला दीर्घकाळ चकविते, असे आता माझे ठाम मत झाले आहे. महसूल खात्यात हयात गेल्यावर, निवृत्तीनंतर औरंगपुऱ्यातील आमच्या घरी मी पेटी पुढ्यात घेऊन बसू लागलो. तेव्हापासून जे पाहिले, सोसले आणि शिकलो, त्याची ही कैफियत पेटी शिकू इच्छिणाऱ्यांसाठी मांडीत आहे.

पेटीचा स्वर निघतो तो पितळेच्या एका पातळ जिभेतून, म्हणजेच रीडमधून. तिचे एक टोक घट्ट बसविलेले, दुसरे मोकळे. हवेचा झोत आला की ती आपल्या खाचेत कंप पावू लागते. माउथ ऑर्गन, अ‍ॅकॉर्डियन आणि लंडनच्या चार्ल्स व्हीटस्टन यांच्या नावाशी निगडित असलेले षट्कोनी कॉन्सर्टिना, ही सगळी याच कुळातील वाद्ये. कॉन्सर्टिनाचा एक प्रकार असा आहे की, त्यात तीच कळ दाबून भाता ओढला तर एक स्वर आणि दाबला तर दुसराच स्वर निघतो. त्यामुळे तिकडच्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवसापासून भात्याचे भान ठेवणे भागच पडते. आपल्या पेटीची गोष्ट निराळी. पॅरिसच्या दबँ यांनी १८४२ साली ज्याचे पेटंट घेतले, ते हार्मोनियम पायाने भाता चालवून वाजवायचे होते. पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याला बैठकीवर वाजविता येईल असे हातभात्याचे रूप दिले. या पेटीच्या पोटात स्प्रिंगांच्या दाबाखाली असलेला आणखी एक भाता असतो. बाहेरचा भाता त्यात हवा भरतो आणि रीडांना हवा मिळते ती त्या आतल्या साठ्यातून. डावा हात कसाही चालविला तरी स्वर लगेच तुटत नाही, तो या साठ्याच्या कृपेने, आणि म्हणूनच डाव्या हाताची हेळसांड वर्षानुवर्षे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

ज्या वर्गात मी प्रथम नाव घातले, तेथे पट्ट्यांवर आकडे चिकटविलेले होते. एक, दोन, तीन असे म्हणत भजनांच्या चाली पाठ करून घेतल्या जात, आणि महिन्याभरात प्रत्येक विद्यार्थ्याला एखादे पद वाजविता येई. पालक संतुष्ट, विद्यार्थी संतुष्ट. परंतु शेजारच्या एकादशीच्या भजनात गाणाऱ्या बुवांनी काळी चार मागितली, तेव्हा आमच्या वर्गातील एकालाही त्या पट्टीत सरळ आरोह निघेना. कारण आम्हांला पांढरी एकवरचे आकडे ठाऊक होते, स्वरांमधली अंतरे ठाऊक नव्हती. शिक्षकाची निवड करताना म्हणून एवढे अवश्य विचारावे की, अलंकार निदान तीन निरनिराळ्या षड्जांवरून करून घेता काय, आणि नजर पट्ट्यांवर न ठेवता वाजविण्याचा सराव देता काय. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा द्याव्यात, त्यांनी अभ्यासाला शिस्त येते. मात्र परीक्षेसाठी चार राग पाठ करून वादन येते, असे कुणी मानू नये.

पुढे ज्या गुरुजींकडे मी गेलो, त्यांनी कित्येक आठवडे उजव्या हाताला एकच काम दिले: मधल्या सप्तकाचा षड्ज दाबून ठेवणे. सगळे शिक्षण डाव्या हाताचे. "स्वर फुगला की थांबा, पुन्हा पहिल्यापासून," एवढेच ते म्हणत. भात्याच्या वरच्या कडेला चारही बोटांची पेरे हलकेच टेकलेली, मनगट सैल, कोपर शरीराजवळ. भाता पूर्ण उघडून धाडकन मिटावयाचा नाही, तर लहान लहान हालचालींनी आतला साठा अर्ध्याहून अधिक भरलेला राखावयाचा. हवा जोराने कोंबली की स्वर मोठा होतो खरा, पण किंचित उतरतोही, आणि हवा ओसरली की खर्जाचे लांब रीड उशिरा बोलू लागते. ही दोन्ही लक्षणे कानाला ओळखू येऊ लागली म्हणजे अर्धे काम झाले. नवशिक्याने पहिले दोन महिने दररोज अर्धा तास या एकाच गोष्टीला द्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. हे कंटाळवाणे आहे, पण याला दुसरी पळवाट नाही.

आता खरेदीविषयी. मी जुनी पेटी घेतली, तिच्यावर नवा सनमायका, चकचकीत खुंट्या, मुलायम आवाज. पहिल्याच पावसाळ्यात पट्ट्या दबलेल्याच राहू लागल्या आणि काही स्वर न दाबता गुणगुणू लागले. दुरुस्ती करणाऱ्या कारागिराने ती माझ्यासमोर वर्तमानपत्रावर उघडली: पट्ट्यांखालचे मऊ चामडे जागोजाग कुरतडलेले, भात्याच्या घडीला आतून कागदाची ठिगळे, आणि दोन रीडे कुणीतरी कानशीने इतकी घासलेली की, ती पुन्हा सुरात येणे अशक्यच. विक्रेत्याने दाखला दिला होता तो 'उत्तम अवस्था' असा. पेटी घेण्यापूर्वी म्हणून अखंड सूर धरणारे सोडून बाकीचे सगळे स्टॉपर उघडावेत, एकही पट्टी न दाबता भाता भरावा आणि स्वस्थ बसावे; साठा झरझर उतरला तर हवा गळते आहे, आणि एखादा स्वर आपोआप वाजला तर त्याच्या पट्टीखालचे झाकण नीट बसत नाही, असे समजावे. नंतर प्रत्येक पट्टी अत्यल्प हवेवर एकेक करून वाजवावी, विशेषतः खर्जाकडची. पेटी उघडून दाखविण्यास विक्रेता तयार नसेल तर व्यवहार तहकूब ठेवावा. आणि ही सगळी तजवीज गुरू ठरल्यानंतर, त्यांना सोबत नेऊनच करावी. आमच्या मराठवाड्यात कोरडा उन्हाळा लाकूड आकसवितो आणि आषाढ-श्रावण ते फुगवितो. पेटी भिंतीला लागून किंवा कूलरच्या झोतात ठेवू नये, वापरात नसताना झाकलेली असावी, आणि घरी रीडांना कानस तर मुळीच लावू नये.

पेटीवरील आक्षेपांची माहिती शिकणाऱ्याला आरंभापासून असावी. आकाशवाणीने १९४० साली या वाद्यास मनाई केली आणि ती शिथिल व्हावयास १९७१ साल उजाडले. मींड काढता येत नाही, आणि बारा स्वर समान अंतरावर बसविल्याने शुद्ध गंधार तानपुऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा चढा लागतो, ही तक्रार खोटी नव्हे. श्रुतींचे हे दुखणे दूर करण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी कृष्णाजी बल्लाळ देवल या निवृत्त डेप्युटी कलेक्टरांनी आणि क्लेमंट्स या जिल्हा न्यायाधीशांनी श्रुती-हार्मोनियम घडवून घेतले; दप्तराच्या कामाबाहेर एवढा सूक्ष्म विचार करणाऱ्या त्या दोघांविषयी, स्वतः देवलांच्याच खात्यात वावरल्यामुळे, मला विशेष आदर वाटतो. आपल्यासाठी यातले मर्म असे की, रोज पेटी उघडण्याआधी दहा मिनिटे तानपुरा ऐकावा, त्यात स्वतःच्या गळ्याने षड्ज, पंचम, गंधार लावावेत, आणि मगच बोट पट्टीवर ठेवावे. ज्याचा कान तानपुऱ्यावर घडला, त्याला पेटीच्या गंधारावर फार वेळ रेंगाळू नये हे कुणी सांगावे लागत नाही.

१९११ सालच्या 'मानापमान'च्या चाली ज्यांनी बांधल्या, ते गोविंदराव टेंबे, आणि येथून जवळच्या जालन्याशी ज्यांचे नाते, ते अप्पा जळगावकर, यांचे वादन अवश्य ऐकावे. पण ते उजव्या हाताच्या चमत्कारासाठी नव्हे, तर स्वर कोठे मंदावतो, कोठे भरतो आणि दोन स्वरांमधला सांधा हवेने कसा झाकला जातो, हे टिपण्यासाठी. एक वर्ष असा अभ्यास झाल्यावर मोहल्ल्यातल्या भजनात साथीला बसावे. गाणाऱ्याची पट्टी आधी विचारून घ्यावी, आवाज त्याच्या गळ्याखाली ठेवावा, आणि तो श्वास घेईल तेव्हा मोकळी जागा दिसली म्हणून हरकती भरू नयेत. तेवढ्या वेळात नुसता षड्ज धरून डाव्या हाताने हवा सम राखावी.