यंत्राला काय दिसत नाही

हवेचे नमुने तपासण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली, तीही बहुतेक भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांमागे धावण्यात. गॅस क्रोमॅटोग्राफ, आमच्या तोंडी नुसता 'जीसी', आणि अवरक्त म्हणजे इन्फ्रारेड प्रकाशावर चालणारी यंत्रं, दोन्ही हाताखालून गेली. नवी लागलेली एमेस्सीची मुलं पहिल्याच आठवड्यात विचारतात, "मॅडम, हे काय काय ओळखतं?" मी म्हणते, काय ओळखत नाही ते आधी विचार.

१. हवा नाकाजवळचीच हवी

जीसी लाखांचा असतो, त्याच्यापुढे कोळशाची ती बोटाएवढी काचेची नळी कोणाच्या खिजगणतीत नसते. पण निम्मा निकाल त्या नळीतच लागलेला असतो. आत करवंटीच्या कोळशाचे दोन कप्पे: पुढे १०० मिलिग्रॅम, मागे ५०. नळी कामगाराच्या कॉलरला, पंप कमरेच्या पट्ट्याला, आणि मिनिटाला शंभर-दोनशे मिलिलीटर हवा त्यातून ओढायची. पुढचा कप्पा भरला की माल मागे सरकतो. मागच्यात पुढच्याच्या दहा टक्क्यांहून जास्त सापडला तर तो नमुना सरळ बाद करायचा.

एका पेंट शॉपमध्ये फवारणी करणाऱ्याचा आकडा इतका स्वच्छ आला की खुद्द मॅनेजरला शंका आली. दुसऱ्या खेपेला आमचा मुलगा पूर्ण पाळी तिथेच बसून राहिला, तेव्हा उलगडा झाला. फवारणी सुरू झाली की गडी पंप काढून दाराजवळच्या खिळ्याला अडकवायचा. "टरटर करतोय साहेब, गन धरली की कोपराला लागतो." त्याचं काही चुकत नव्हतं, पट्टाच तसा होता. तपासली गेली ती दाराची हवा, बूथची नव्हेच. तेव्हापासून आमच्याकडे पंप लावून चहाला जायची पद्धत बंद आहे.

२. ब्लँकला फुकटचा खर्च म्हणू नका

ब्लँक म्हणजे अशी नळी, जी बाकीच्यांसोबत प्रवास करते, तशीच उघडली-मिटली जाते, पण तिच्यातून हवा ओढलेली नसते. ती कोरी निघाली पाहिजे. बिल कमी करायचं म्हटलं की गिऱ्हाईक पहिली कात्री हिच्यावरच चालवतं.

एकदा ब्लँकमध्येच बेंझीन आलं. कॉलम बघितला, सिरिंज धुतली, कार्बन डायसल्फाइडची बाटली बदलली (त्या द्रावकाचा सडका वास केसांतून दोन दिवस जात नाही), आलेखावरचा पीक जागचा हलेना. शेवटी कळलं की नळ्या आल्या होत्या स्कूटरच्या डिकीतून, आणि वाटेत पेट्रोल भरलं होतं. बीएस-सिक्स पेट्रोलमध्ये बेंझीन जास्तीत जास्त एक टक्का चालतं, म्हणजे असतंच. ब्लँक नसता तर ते सगळं कारखान्याच्या नावावर चढलं असतं.

३. जीसी वेळ सांगतो, नाव आपण ठेवतो

वाफेच्या मिश्रणातले घटक वेगळे करण्याची ही रीत जेम्स आणि मार्टिन यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केली. कॉलम म्हणजे तीस मीटर लांबीची, केसासारख्या बारीक भोकाची वेटोळी नळी. आतून लेप दिलेला, आणि तिच्यातून हेलियम किंवा नायट्रोजन वाहत असतो. शाळेतली मुलं बघायला आली की मी त्यांना पालखीचं उदाहरण देते. पुण्यातून निघताना सगळे एकत्र असतात, पण वाटेतल्या प्रत्येक चहाच्या टपरीवर रेंगाळणारा दिवे घाटात मागे पडतो. ज्या रेणूचं लेपाशी जास्त जमतं तो उशिरा बाहेर येतो. बेंझीन आधी, टोल्युइन मागून, झायलीन त्याच्याही मागून.

पण बेंझीनच्या वेळेला आलेला प्रत्येक पीक बेंझीन असेलच असं नाही. थिनरमधला भलताच घटक नेमका त्याच क्षणी डोकं वर काढू शकतो. मग वेगळ्या लेपाच्या कॉलमवर पुन्हा चालवायचं, नाहीतर मास स्पेक्ट्रोमीटरकडे जायचं. शिवाय आमच्याकडचा रोजचा डिटेक्टर ज्वाळेचा, एफआयडी. कार्बन-हायड्रोजनची जोडी जळली की त्याला कळतं. कार्बन मोनॉक्साइड, अमोनिया, क्लोरीन समोरून गेले तरी तो ढिम्म. आणि एका रनला पंधरा-वीस मिनिटं लागतात. गळती चालू असताना एवढी सवड कोणाला असते?

४. अवरक्त प्रकाश झटपट आहे, पण त्यालाही झापड आहे

घाईच्या वेळी इन्फ्रारेड लागतो. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन टिंडल यांनी १८५९ मध्ये नळीत वेगवेगळे वायू भरून त्यांतून उष्णतेचे किरण सोडले. नायट्रोजन-ऑक्सिजनमधून किरण जवळपास तसेच पार झाले, पाण्याच्या वाफेने आणि कार्बन डायऑक्साइडने मात्र ते गिळले. आमचा धंदा त्या नळीवरच उभा आहे.

पुण्यात हे यंत्र पाहायला प्रयोगशाळेत यायची गरज नाही. पीयूसीच्या कोणत्याही टपरीवर पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरमध्ये नळी घालतात, ती धूर ओढून एका छोट्या बंद पेटीत नेते. पेटीच्या एका टोकाला तापलेला उगम, दुसऱ्या टोकाला फिल्टर लावलेला डिटेक्टर. कार्बन मोनॉक्साइड सुमारे ४.६ मायक्रॉनचा प्रकाश शोषतो, कार्बन डायऑक्साइड ४.२६ चा, हायड्रोकार्बन ३.४ च्या आसपासचा. त्या त्या तरंगलांबीचा प्रकाश किती कमी पोचला, त्यावरून आकडा निघतो, आणि तो काही सेकंदांत निघतो. वेताळ टेकडीवर एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेत नव्या गाड्यांचा धूर मोजतात तेव्हाही कार्बन मोनॉक्साइडसाठी तत्त्व हेच. टपरीवर चार वायूंचं यंत्र असेल तर गाडीवाल्यांनी कार्बन डायऑक्साइडचा आकडा जरूर बघावा. चारचाकी पेट्रोल गाडीत तो बारा-पंधरा टक्क्यांच्या आसपास हवा. फारच कमी दिसला, तर नळी आत पुरती गेलेली नाही आणि धुरासोबत रस्त्याची हवाही मोजली जातेय. अशी गाडी दणक्यात पास होते.

आता झापड. दोन सारख्या अणूंचा रेणू कंप पावला तरी त्यातल्या विद्युतभाराची वाटणी बदलत नाही, म्हणून तो अवरक्त प्रकाश शोषत नाही. नायट्रोजन-ऑक्सिजन या प्रकाशाला पारदर्शक आहेत म्हणूनच हवेतलं बाकीचं काही दिसतं, ही आमची सोय. पण क्लोरीनही दोन सारख्या अणूंचाच! पिण्याचं पाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रांत, पोहण्याच्या तलावांवर, म्हणजे शहराच्या ऐन मध्यात जो विषारी वायू सिलिंडरमध्ये भरून ठेवलेला असतो, तोच इन्फ्रारेडला अजिबात दिसत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये कासारवाडीच्या जलतरण तलावावर क्लोरीनची गळती होऊन लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं. अशा जागी कितीही भारी इन्फ्रारेड यंत्र लावलं तरी ते शून्य दाखवत बसेल. तिथे हवा विद्युत-रासायनिक सेन्सर, तुलनेने स्वस्त आणि ठरावीक मुदतीने बदलावा लागणारा. खरेदीच्या बैठकांत मी हे सांगते तेव्हा विक्रेत्याचा प्रतिनिधी हटकून ब्रोशरचं पान उलटतो.

५. जुलैत यंत्राआधी सिलिका जेल बघा

एफटीआयआर या इन्फ्रारेड यंत्रातला पोटॅशियम ब्रोमाइड पाणी दिसलं की विरघळायला बसलेला असतो. पुण्याच्या पावसाळ्यात खोलीत डीह्युमिडिफायर चोवीस तास चालतो, आणि सकाळी आल्या आल्या यंत्रातली सिलिका जेलची पुडी निळी आहे की गुलाबी, हे पाहूनच स्विच दाबायचा. शिवाय वाफेच्या रेघा स्पेक्ट्रमभर गवतासारख्या उगवतात, त्यांत बारीकसारीक पीक हरवतो.

६. नाकावर अर्धाच विश्वास

नाकाला मी कमी लेखत नाही. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास जवळपास नसतो, म्हणून त्यात मर्कॅप्टन घालतात, आणि रस्ता खोदताना पाइपलाइन फुटली की फोन येतो तो त्या वासामुळेच. पण हायड्रोजन सल्फाइड शंभर पीपीएमच्या आसपास गेला की नाकच बधिर करतो. ड्रेनेजच्या चेंबरमध्ये उतरणाऱ्याला वाटतं, वास गेला, आता हरकत नाही. कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नाही. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरने माणसं जातात ती याच्यामुळे.

भोपाळच्या कारखान्यात मिथाइल आयसोसायनेटच्या गळतीची खबर आधी कामगारांच्या चुरचुरणाऱ्या डोळ्यांना लागत असे, २ डिसेंबर १९८४ च्या रात्रीही तसंच झालं. वास्तविक आयसोसायनेटचा गट ४.४ मायक्रॉनच्या आसपास प्रकाश असा कचकचून शोषतो की इन्फ्रारेडसाठी याहून सोपं गिऱ्हाईक नाही. डोळ्यांवर गळती ओळखायचं काम सोपवलेलं पाहिलं की मला अजून संताप येतो.

७. बीडीएल म्हणजे शून्य नव्हे

अहवालात 'बीडीएल', म्हणजे 'बिलो डिटेक्शन लिमिट', लिहिलं की लोक सुटकेचा श्वास टाकतात. त्याचा अर्थ एवढाच, की आमच्या यंत्राला, एवढ्या हवेत, मोजता येण्याइतकं सापडलं नाही. दहा मिनिटं पंप चालवला तर जवळजवळ काहीही बीडीएल आणता येतं. म्हणून शेजारी तपासणीची मर्यादा किती आणि हवा किती लीटर ओढली, हे दोन आकडे नसतील तर तो कागद परत पाठवा.

८. सरासरीत रात्र बुडते

२००९ च्या राष्ट्रीय हवा मानकांत बारा प्रदूषकं आहेत. त्यात कार्बन मोनॉक्साइडसमोर पद्धत लिहिली आहे इन्फ्रारेडची आणि मर्यादा तासाची व आठ तासांची. बेंझीनसमोर जीसी, आणि मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम, तीही फक्त वार्षिक. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेने २०१३ मध्ये पुण्यात 'सफर' ही हवेच्या दर्जाची सेवा सुरू केल्यापासून शहरभरची हवा रोज पडद्यावर दिसते, त्याचा मोठा उपयोग आहे. पण आपल्या खिडकीत रात्री दीड वाजता आलेला उग्र भपका हा वेगळा प्रश्न आहे. वर्षाच्या सरासरीत तो विरून जातो.

सोसायट्यांची तक्रार ठरलेली: रात्री वास येतो, तपासणीचे लोक सकाळी अकराला येतात. हिवाळ्यात पुण्यात रात्री थंड हवा जमिनीलगत साचते, वर उबदार हवेचं झाकण बसतं, आणि दिवसा सहज पांगलं असतं ते तळाशी कोंडून राहतं. ऊन वर आलं की झाकण उठतं. अकराच्या नमुन्यात काय सापडणार?

अशा लोकांना मी यंत्र विकत घ्यायला कधीच सांगत नाही. ऑनलाइन मिळणाऱ्या डब्या 'व्हीओसी', म्हणजे बाष्पशील सेंद्रिय संयुगं, म्हणून जे दाखवतात त्यात अगरबत्ती, फोडणी आणि फिनेल सगळंच येतं. मी सांगते, वही करा. वास कधी आला, कधी गेला, वारा कुठून होता, वास कसा होता: नेल पॉलिशसारखा, सडक्या अंड्यासारखा की डोळे झोंबणारा. तीन-चार घरांनी, एकमेकांचं न बघता लिहायचं. महिनाभराच्या अशा नोंदी समोर आल्या, की नळी कुठल्या गच्चीवर आणि किती वाजता लावायची, जीसी हवा की इन्फ्रारेड की नुसता क्लोरीनचा सेन्सर, हे ठरवायला आम्हाला चहा संपेपर्यंतचा वेळही लागत नाही.