मज्जापेशीतील गुंता

नोव्हेंबर १९०१ मध्ये जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथील मनोरुग्णालयात ऑगस्टे डेटर ही ५१ वर्षांची स्त्री दाखल झाली. स्वतःचे नाव तिला सांगता येई. परंतु पतीचे नाव विचारले असता तिने पुन्हा स्वतःचेच नाव सांगितले. तिला तपासणारे डॉक्टर आलॉइस अल्झायमर पुढे म्युनिकला गेले, तरी या रुग्णाविषयीची त्यांची जिज्ञासा कमी झाली नाही. ८ एप्रिल १९०६ रोजी ती मरण पावली, तेव्हा तिचा मेंदू त्यांनी मागवून घेतला, त्याचे पातळ छेद चांदीच्या क्षारांनी रंगवले आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. अनेक मज्जापेशींच्या आत जाड, काळ्या धाग्यांचे गुंते दिसत होते. काही ठिकाणी तर पेशी नाहीशी झाली होती आणि ती जेथे होती तेथे केवळ गुंता उरला होता. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ट्युबिंगेन येथील सभेत त्यांनी हे निरीक्षण मांडले. सभेत त्यावर चर्चाही झाली नाही.

हा गुंता कशाचा, हे समजण्यास आधी निरोगी मज्जापेशीची घडण पाहिली पाहिजे. पेशीच्या मध्यभागी पेशीकाय असतो. त्यातून झाडाच्या फांद्यांप्रमाणे अनेक आखूड शाखा फुटतात. त्या इतर पेशींकडून आलेले संदेश घेतात. एक तंतू मात्र लांब जातो, तो अक्षतंतू. त्याच्या टोकाशी पुढच्या पेशीबरोबर संधिस्थान, म्हणजे सिनॅप्स, असते. टोकाला लागणारी प्रथिने बहुतांशी पेशीकायात तयार होतात, आणि तेथपर्यंतचा प्रवास त्यांना अक्षतंतूतील सूक्ष्मनलिकांवरून करावा लागतो. लोहमार्गाचे रूळ स्लीपर जागेवर धरून ठेवतात, तसे काहीसे काम या नलिकांच्या बाबतीत टाऊ नावाचे प्रथिन करते.

अल्झायमरच्या विकारात टाऊवर फॉस्फेटचे गट प्रमाणाबाहेर चढतात. त्यामुळे त्याची नलिकांवरील पकड सुटते आणि सुटलेले रेणू एकमेकांना चिकटून धागे बनतात. हे धागे जोडीने एकमेकांभोवती पिळलेले असतात, असे मायकेल किड यांनी १९६३ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. ते मुख्यत्वे टाऊचेच आहेत हे उलगडण्यास १९८६ साल उजाडावे लागले. पेशीला यात दुहेरी हानी सोसावी लागते. आत गुंता वाढतो, आणि वाहतूक खुंटल्यामुळे दूरची टोके उपाशी पडतात. शाखांवरील बारीक काटे झडतात, शाखा आखडतात, संधिस्थाने नाहीशी होतात. पेशीकाय मरतो तो पुष्कळ नंतर. रॉबर्ट टेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दाखवून दिले की, रुग्णाच्या बुद्धिऱ्हासाशी सर्वांत निकटचा संबंध गुंत्यांचा किंवा पट्टिकांचा नसून संधिस्थानांच्या ऱ्हासाचा आहे. स्मृती एकेका पेशीत साठवलेली नसून पेशींच्या परस्परसंबंधांत असते, हे ध्यानात घेतले तर यात नवल वाटणार नाही.

पट्टिका हा दुसरा दोष. तो पेशीबाहेरचा आहे. पेशीच्या आवरणातील एका मोठ्या प्रथिनाचे तुकडे पडून बीटा-अमिलॉइड हा लहान अंश सुटतो आणि त्याचे थर साचतात. ग्लेनर व वाँग यांनी तो १९८४ मध्ये वेगळा केला. पट्टिकेजवळचे तंतू सुजलेले व वेडेवाकडे झालेले आढळतात. परंतु शेवटपर्यंत शाबूत बुद्धीने जगलेल्या काही वृद्धांच्या मेंदूतही पट्टिका सापडतात; त्यामुळे केवळ त्यांच्याकडे बोट दाखवणे पुरेसे नाही. असे प्रश्न तपासण्यास मेंदूंचा संग्रह लागतो. भारतात बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेत १९९५ पासून अशी मेंदूपेढी आहे.

टाऊचे गुंते मेंदूत वाटेल तेथे उद्भवत नाहीत. हाइको आणि एव्हा ब्राक या दांपत्याने १९९१ मध्ये त्यांचा क्रम निश्चित केला. मोठ्या मेंदूच्या कवचातील गुंते प्रथम कानशिलाच्या आतील बाजूस, हिप्पोकॅम्पसला लागून असलेल्या पट्ट्यात दिसतात. नंतर ते हिप्पोकॅम्पसमध्ये आणि शेवटी कवचाच्या विस्तृत भागात पसरतात. नव्या अनुभवाची स्मृती याच दाराने आत येते. विकार सौम्य असतानाच या दाराशी असलेल्या एका थरातील निम्म्याहून अधिक पेशी गेलेल्या असतात. म्हणूनच आजोबांना लहानपणीची शाळा आठवते, पण सकाळी आपण जेवलो की नाही हे आठवत नाही. हालचाली घडवणारा भाग बराच काळ शाबूत राहतो. घर न ओळखणारा माणूस चालत घराबाहेर पडू शकतो तो यामुळेच.

अमिलॉइड हटवणाऱ्या लेकानेमॅब या औषधाला अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. १८ महिन्यांच्या चाचणीत ऱ्हासाचा वेग त्याने सुमारे २७ टक्के कमी केला. परंतु ऱ्हास थांबला नाही. मेंदूत सूज व रक्तस्राव होण्याचा धोकाही त्यात आहे. शिवाय ते विकाराच्या आरंभीच्या अवस्थेतील रुग्णांसाठीच आहे, आणि तोवर पट्टिका साचू लागून बहुधा दहा-पंधरा वर्षे लोटलेली असतात.