वन, वखार आणि वातावरण

झाडे हवा शुद्ध करतात, हे वाक्य आपण सर्वांनी शाळेत लिहिले आहे आणि त्याचे गुणही मिळवले आहेत. परंतु झाडाने हवेतून घेतलेल्या कार्बनचे पुढे काय होते, आणि झाड तोडल्यावर तो कोठे जातो, हे परीक्षेत सहसा विचारले जात नाही. हवामानबदल रोखण्यात जंगलाचा वाटा किती, हे ठरवावयाचे तर याच प्रश्नापासून सुरुवात करावी लागते.

प्रथम थोडे गणित करू. वाळलेल्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मा कार्बन असतो. सागाच्या एका घनफुटाचे वजन १८ किलोच्या आसपास भरते, म्हणजे त्यात कार्बन ९ किलो. कार्बन आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या वजनाचे प्रमाण १२ ला ४४. तेव्हा एक घनफूट साग हवेतला सुमारे ३३ किलो कार्बन डायऑक्साइड धरून बसलेला असतो. चौकटीसह एका दाराला चार घनफूट लाकूड लागले असे समजू. हिशेब १३२ किलोवर जातो. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे एक सागवानी दार बरोबर सुमारे ५७ लिटर पेट्रोल! आकडा काही फार मोठा नव्हे. शिवाय दार हे दार म्हणून उभे आहे तोवरच हा हिशेब खरा. ते चुलीत गेले की सारा साठा तासाभरात हवेत परत जातो.

मी तारनाक्याला राहतो. उस्मानिया विद्यापीठाच्या शेजारची ही वस्ती एके काळी बैठ्या बंगल्यांची होती. आता एकेक बंगला पडून तेथे बहुमजली इमारत उभी राहते. पाडकामाच्या वेळी रस्त्याकडेला तुळया, चौकटी, झडपांच्या खिडक्या रचून ठेवलेल्या दिसतात. हे लाकूड बहुधा आदिलाबादकडचे असावे, कारण जुन्या हैदराबाद राज्याचे सागाचे भांडार तेथेच होते. (मराठीत साग, कन्नडमध्ये तेग, तेलुगूत टेकू, इंग्रजांनीही आपला ‘टीक’ हा शब्द दक्षिणेतूनच उचलला.) आपल्या मराठी वाचकांना राजुरा तालुका माहीत असेल. तो १९५६ पर्यंत या आदिलाबाद जिल्ह्यातच होता आणि १९५९ मध्ये चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला जोडला गेला.

गंमत अशी की, या जुन्या राजुरा तालुक्यातील गडचांदूर परिसरात चुनखडीही विपुल आहे आणि तेथे सिमेंटचे मोठे कारखाने उभे आहेत. जुन्या बंगल्याची तुळई आणि नव्या इमारतीचा स्लॅब ही एकाच मुलखाची देणगी असू शकते! मात्र वातावरणाच्या वहीत दोघांची नोंद विरुद्ध बाजूंना होते. शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली की ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो. भट्टीच्या कोळशाचा धूर वेगळाच. जगातील कार्बन डायऑक्साइडच्या एकूण उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७ ते ८ टक्के मानला जातो. म्हणून जेथे लाकडाने काम भागते तेथे सिमेंट वा लोखंड न वापरणे, हा लाकडाचा दुसरा आणि माझ्या मते मोठा लाभ होय.

मग जंगले तोडून घरे बांधावीत काय? मुळीच नाही. जुन्या मिश्र जंगलाचा कार्बन केवळ खोडांत नसतो. मुळांत, पालापाचोळ्यात आणि विशेषतः मातीत त्याचा फार मोठा साठा असतो. खोड वखारीत पोहोचते, बाकीचा साठा कुजून वा जळून जातो. १९७४ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र वनविकास महामंडळाने मिश्र जंगल काढून तेथे साग लावण्याचे काम मोठ्या प्रमाणावर केले. सागाच्या ओळी वाढल्या, पण मोह, तेंदू, ऐन, बिजा यांचा मेळ तेथे राहिला नाही. आणि नव्या रोपांना पूर्वीचा साठा भरून काढावयास कित्येक दशके लागतात. सरकारी वन अहवालात मात्र एक हेक्टर वा अधिक जमिनीवर दहा टक्के वा अधिक छत्र असले की ते ‘वनाच्छादन’ ठरते, मग ते रान असो, निलगिरीची लागवड असो वा आमराई. २०२३ च्या अहवालातील वने आणि वृक्ष मिळून २५.१७ टक्के हा आकडा वाचताना विद्यार्थ्यांनी ही व्याख्या जवळ ठेवावी.

लागवड वाईट, असे मात्र मी म्हणत नाही. शेताच्या बांधावरचा साग, बाभूळ, बांबू यांचे लाकूड जरूर वापरावे. देशातील उद्योगांना लागणाऱ्या लाकडाचा फार मोठा भाग आज अशा जंगलाबाहेरच्या झाडांपासूनच येतो. फक्त त्याचे पुढे काय होते ते पाहावे. भद्राचलम भागात शेतकरी निलगिरी आणि सुबाभूळ कागदासाठी लावतात. उत्पन्न चांगले मिळते, पण कागदातला कार्बन बहुधा दोन-चार वर्षांत हवेत परततो. दारातला पन्नास-शंभर वर्षे थांबतो.

आपले धोरणही याबाबत डळमळत राहिले. जंगल वाचावे म्हणून केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याने १९९३ मध्ये आपल्या इमारतींत लाकडाच्या वापरावर बंदी घातली. खिडक्या लोखंडाच्या आणि ॲल्युमिनियमच्या झाल्या. २०२० मध्ये ती बंदी उठली. त्या सत्तावीस वर्षांत वाचलेल्या लाकडाचा हिशेब मांडताना वितळवलेल्या ॲल्युमिनियमचा हिशेबही मांडावा लागेल, आणि ॲल्युमिनियमला वीज किती लागते हे रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना सांगावयास नको.

आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील सागाची जुनी मेजे बदलून तेथे पोलादी मेजे आणण्याचा विचार चालू आहे. मी एका सुताराला ती दाखवली. आम्लाने वरच्या फळ्या काळ्या पडल्या आहेत, पाय मात्र शाबूत आहेत. रंधा मारून आणि चार फळ्या बदलून सगळी उभी राहतील, असे त्याने सांगितले. मजुरीचा आकडा त्याने लिहून दिला असून तो कागद मी कार्यालयात दिला आहे.