देशी झाडांची बाग : आपल्या मुलांनी शिकावा असा धंदा

बागकाम हा धंदा आपल्या बिरादरीला नवा नाही. बागवान या नावातच बाग आहे आणि नाशिकला मोगल अमदानीत गुलशनाबाद म्हणत असत. आज मात्र बागवान बांधव फळांच्या गाडीवर आणि अडतीवर आहेत. ओझर, पिंपळगाव, नाशिक या पट्ट्यातील बंगले, कारखाने आणि द्राक्षमळ्यांतील विश्रामगृहे यांच्या बागांची कंत्राटे दुसरेच घेतात व आपली मुले त्यांच्याकडे रोजावर खड्डे खणतात. खड्डा खणणारा आणि त्या खड्ड्यात काय लावायचे हे ठरवणारा, या दोघांच्या कमाईतील अंतर हे फक्त माहितीचे आहे. ती माहिती कोणती, याचा विचार या लेखात करू.

मी कापडाचा व्यापारी, झाडांचा जाणकार नव्हे. या विषयाकडे वळलो ते नुकसान सोसून. गोदामामागच्या मोकळ्या जागेत एका कंत्राटदाराकडून बाग करून घेतली. त्याने हिरवळ अंथरली, पाम लावले आणि भिंतीकडेने कोनोकार्पसची रांग उभी केली. पहिल्या वर्षी पाहणारे वाहवा करीत. दुसऱ्या उन्हाळ्यात हिरवळ जळाली आणि कोनोकार्पसच्या मुळ्या सांडपाण्याच्या नळात शिरल्या. नळ उखडून नवा टाकावा लागला. याच झाडाच्या लागवडीवर गुजरात सरकारने सप्टेंबर 2023 मध्ये बंदी घातली, हे मला नंतर कळले. लावणाऱ्या गड्यालाही ते ठाऊक नव्हते. त्याला मी दोष देत नाही, कारण त्याला कोणी शिकवलेच नव्हते.

हिरवळीचा हिशेब व्यापाऱ्याच्या नजरेने करून पाहा. एक हजार चौरस फूट म्हणजे सुमारे 93 चौरस मीटर. कडक उन्हाळ्यात दर चौरस मीटरला रोज पाच लिटर धरले तरी दिवसाला साडेचारशे लिटरच्या वर पाणी लागते, महिन्याला जवळपास 14 हजार लिटर. म्हणजे दहा हजार लिटरचा टँकर दीड वेळा रिकामा होतो, आणि तो हिरवळ आहे तोवर दर उन्हाळ्यात होत राहील. करंज, बहावा, कांचन, ताम्हण या झाडांना पहिले दोन-तीन उन्हाळे सांभाळले की पुढे ती बहुधा पावसावर आणि जमिनीतील ओलीवर निभावतात. पाण्याचा हिशेब ओझरला नवा नाही. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने वाघाड धरणाच्या पाण्यासाठी शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था येथेच, 1990 नंतरच्या वर्षांत, उभ्या केल्या आणि पाणी मोजून घेण्याची सवय लावली. जे गाव शेतात पाणी मोजते, त्याने बागेतही मोजावे.

आता शिक्षणाकडे वळू. पहिला धडा ओळखीचा. कापडाच्या दुकानात नवा मुलगा आला की आम्ही त्याला आधी बोटांनी सूत ओळखायला शिकवतो, विक्री नंतर. झाडांचेही तसेच आहे. यात नावांचा मोठा घोळ आहे. उर्दू शाळेत मी अमलतास, गूलर, सेमल शिकलो. तीच झाडे मराठीत बहावा, उंबर, काटेसावर आहेत, हे मला पन्नाशीत समजले. म्हणून शिकाऊ मुलाने घरातले नाव, मराठी नाव आणि शास्त्रीय नाव अशी तिन्ही वहीत लिहावीत. नावावर भुलू नये. गुलमोहर हे नाव आपले वाटते, पण झाड मादागास्करचे आहे. सुबाभूळ मेक्सिकोकडची, वर्षावृक्ष दक्षिण अमेरिकेचा, निलगिरी ऑस्ट्रेलियाची. रोपवाटिकांत अशोक म्हणून सर्रास मिळतो तो आसुपालव. खरा सीतेचा अशोक वेगळा. मर्सराइज्ड सूत रेशीम म्हणून खपवण्यापैकीच हा प्रकार. प्रा. श्री. द. महाजन यांचे 'देशी वृक्ष' हे पुस्तक या कामी हाताशी असावे.

दुसरा धडा रोपे तयार करण्याचा, आणि खरी कमाई येथे आहे. आज पुष्कळ माल आपल्याच गोदावरीच्या दुसऱ्या टोकाहून, राजमहेंद्रीजवळच्या कडियमच्या रोपवाटिकांतून ट्रकने येतो. त्यात शोभेची झाडे भरपूर. धायटी, मुरुडशेंग, कुडा, वावळ मागितले तर दुकानदार तोंडाकडे पाहतो. ज्याच्याकडे हा माल असेल त्याला गिऱ्हाईक शोधत येईल. पण बियांचे स्वभाव माहीत हवेत. निंबोळी पडल्यावर दोन-तीन आठवड्यांत पेरावी, ठेवली की उगवण घटते. पळसाचे बीही ताजेच पेरावे. बहाव्याचे बी उलट, कवच दगडासारखे. ते पॉलिश पेपरवर घासून रात्रभर भिजत घातल्याशिवाय लवकर फुटत नाही. पांगारा फांदीपासून होतो. पिशवीत फार काळ राहिलेल्या रोपाची मुळे गोल गुंडाळलेली असतात. ती लावताना मोकळी केली नाहीत तर झाड पुढे वाऱ्यात उलथते. रोप किती उंच आहे यापेक्षा मूळ कसे आहे हे पाहून विकत घ्यावे.

तिसरा धडा कायद्याचा. ओझर आता नगरपरिषद आहे, म्हणजे नागरी क्षेत्रांसाठीचा 1975 चा झाडांचे संरक्षण व जतन कायदा येथे लागू होतो. परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही आणि 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला आहे. गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून कुऱ्हाड उचलणारा माळीही अडचणीत येतो.

शिकायचे कोठे? केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने 2017 साली हरित कौशल्य विकास कार्यक्रम सुरू केला होता. 2023 च्या पीएम विश्वकर्मा योजनेतील 18 व्यवसायांत हार गुंफणारा मालाकार आहे, बाग उभी करणारा नाही. ही उणीव आपल्या प्रतिनिधींनी मांडली पाहिजे. पुण्यात केतकी घाटे आणि मानसी करंदीकर यांनी 2002 साली ऑयकॉस ही संस्था काढली. लोकांच्या खाजगी जमिनींवर तेथलीच झाडेझुडपे व गवत राखून काम करता येते व त्याचा मोबदला देणारे गिऱ्हाईकही मिळते, हे त्यांनी दाखवून दिले. त्याहून जवळचा वर्ग सातपूरला आहे. फाशीच्या डोंगरावर आपलं पर्यावरण संस्थेच्या शेखर गायकवाड यांनी 2015 च्या पर्यावरण दिनी नाशिककरांना बरोबर घेऊन सुमारे 11 हजार देशी रोपे लावली. उघड्या मुरमाड डोंगरावर तेथे देवराई उभी राहिली. मुलांना एक रविवार तेथे न्यावे आणि कोणते झाड जोमाने वाढले, कोणते रखडले, ते वहीत टिपायला सांगावे.

कापडवाल्याला एक गोष्ट येथे आठवते. बारतोंडीच्या, म्हणजे आलच्या मुळांपासून आपल्या रंगाऱ्यांचा लाल रंग निघत असे. 1869 मध्ये युरोपात कृत्रिम अलिझरीन तयार झाले आणि पुढे तो धंदाच बसला. बारतोंडी बांधावर अजून उगवते, पण तिला ओळखणारे किती राहिले?

झाडाचे फळ माणसाने, पाखराने वा जनावराने खाल्ले तरी लावणाऱ्याला सदक्याचे पुण्य मिळते, हे आपण लहानपणापासून ऐकतो. म्हणून सुरुवात गिऱ्हाइकाच्या बंगल्यात न करता कब्रस्तानच्या कुंपणाकडेने करावी. जमातीने परवानगी द्यावी, चार-पाच मुलांनी पन्नास रोपे स्वतः तयार करून लावावीत आणि दोन उन्हाळे जगवावीत. किती जगली, किती मेली, कशामुळे, याची वही ठेवावी. पुढे कंत्राट मागायला जाताना तीच वही दाखवता येईल. उन्हाळ्यात करंजाच्या शेंगा वाळून पडू लागल्या की गोणपाट घेऊन निघावे. पेरलेले बी पावसाळ्यात पिशवीत रोप होऊन उभे असेल.