बारीक छिद्राची पुंगळी आणि तुटलेली पिन

रायफलचे काडतूस झाडले गेले की गोळी आणि दारू निघून जाते, पण पितळी पुंगळी आणि तिच्या बुडातली टोपी मागे उरते. घोड्याचा घाव या टोपीवर बसतो, तिची ठिणगी बुडातल्या एका बारीक छिद्रातून आत शिरते आणि दारू पेटते. पुंगळी पुन्हा वापरायची असेल तर पहिले काम असते ही जळकी टोपी बाहेर काढण्याचे. त्यासाठी पुंगळी प्रेस या दाबयंत्रावर चढवून डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबतात. डायच्या मध्यभागी दांडा असतो आणि दांड्याच्या टोकाला पोलादी पिन. ही पिन पुंगळीच्या तोंडातून आत जाते, बुडातल्या छिद्रातून पार होते आणि टोपीला आतून ढकलून खाली पाडते. काम क्षणाचे असते. छिद्र मात्र पिनेच्या मापाचे हवे.

रायफलच्या बहुतेक पुंगळ्यांत हे छिद्र सुमारे २ मिलिमीटरचे असते. सर्वसाधारण डायमधली पिन पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास असते, त्यामुळे ती सैलपणे आरपार जाते. काही पुंगळ्यांत मात्र छिद्र मुद्दाम १.५ मिलिमीटर ठेवलेले असते. पाल्मिसानो आणि पिंडेल या दोन अमेरिकन नेमबाजांनी १९७५ च्या सुमारास घडवलेले ६ मिमी पीपीसी हे अचूक नेमबाजीतले नावाजलेले काडतूस याच जातीचे. फिनलंडमधल्या लापुआ कंपनीच्या ६.५ × ४७ आणि ६.५ क्रीडमूर या पुंगळ्यांतही हेच माप आहे. टोपी लहान, छिद्रही लहान, म्हणजे दारू दर वेळी सारख्याच रीतीने पेटते असा त्यामागचा विचार आहे. शिवाय टोपीचे घर लहान असल्याने बुडाशी पितळ जास्त उरते आणि पुंगळी अधिक वेळा वापरता येते. कडाक्याच्या थंडीत लहान टोपीची ठिणगी कधीकधी कमी पडते, हा तिचा तोटा.

खरी फसगत पुढेच होते. टोपीच्या आकारावरून छिद्राचा अंदाज बांधता येत नाही. .२२३ च्या पुंगळीत टोपी लहान असते, तरी छिद्र सहसा २ मिलिमीटरचेच. लापुआची साधी .३०८ पुंगळी मोठ्या टोपीची आणि मोठ्या छिद्राची, पण त्याच कंपनीची ‘पाल्मा’ नावाची .३०८ पुंगळी लहान टोपीची आणि बारीक छिद्राची. दोन्ही शेजारी उभ्या केल्या तर उंची, मान, खांदा सगळे एकसारखे दिसते. फरक कळतो तो बूड उलटे करून टोपीचा व्यास पाहिल्यावर. मोठी टोपी ५.३३ मिलिमीटरची, लहान ४.४५ ची. तरीही छिद्राचे माप डोळ्यांना कळत नाहीच.

प्रस्तुत लेखक मूळचा सौंसर तालुक्यातला, घरचा व्यवसाय संत्र्याच्या बगीच्याचा. काही वर्षे मुलाकडे अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात मुक्काम पडला आणि तिथे एका नेमबाजाच्या गॅरेजमध्ये हे काम हाताने करायला मिळाले. त्या राज्यात ते कायदेशीर आहे. डब्यात पन्नासएक पुंगळ्या होत्या, सगळ्या ६.५ क्रीडमूरच्या, पण दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या. पहिल्या पंधरा सरळ गेल्या. सोळाव्या पुंगळीला प्रेसचा दांडा अडल्यासारखा वाटला. विहिरीवरचा मोटारपंप जाम झाला की स्टार्टर पुन्हापुन्हा दाबायचा, ही सवय अंगात मुरलेली. म्हणून जोर दिला. टोपी पडली आणि लेखकाला वाटले, जमले. पण प्रेसचा दांडा वर उचलताना पुंगळी पिनेला चिकटून राहिली, पिनेचा दांडा डायमधून निसटला आणि पिनेचे टोक छिद्रातच मोडून राहिले.

याहून वाईट म्हणजे, नवी पिन लावून लेखकाने त्याच डब्यातल्या आणखी सात पुंगळ्या तशाच जोर देऊन काढल्या. एकेका पुंगळीत पिनेने छिद्र फाकवले होते आणि टोपीच्या घराच्या बाजूला पितळेची कड उभी राहिली होती. अशा पुंगळीत नवी टोपी नीट टेकत नाही आणि छिद्राचे माप बिघडल्याने दारू सारखी पेटत नाही. गॅरेजच्या मालकाने आठही पुंगळ्या पकडीने चेपून भंगाराच्या डब्यात टाकल्या. रागावला नाही. पण त्या दिवसापासून डबा उघडायच्या आधी शिक्के वाचायचे काम लेखकाकडे आले.

पुंगळीच्या बुडावर कंपनीचे नाव आणि काडतुसाचे माप कोरलेले असते. एका डब्यात दोन कंपन्यांचा माल असेल तर आधी वेगळा करावा. त्यानंतर प्रत्येक ढिगातली एक पुंगळी घेऊन छिद्र तपासावे. १.६ मिलिमीटरची सरळ तार किंवा त्याच मापाच्या ड्रिल बिटचा गुळगुळीत दांडा छिद्रापर्यंत नेऊन बघायचा. सैल शिरला तर छिद्र मोठे आहे, अडला तर बारीक. टोपी अजून बसलेली असली तरी तोंडातून तार घालून ही तपासणी होते, मात्र आत उजेड टाकायला लहान टॉर्च लागतो. मोजण्यासाठी तार घालायची, ठोकायची नाही.

बारीक छिद्रासाठी १.४५ मिलिमीटरची पिन वेगळी मिळते. छिद्र आणि पिन यांच्यामध्ये मग जेमतेम ०.०५ मिलिमीटर मोकळीक उरते, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी. त्यामुळे डाय प्रेसवर बसवताना दांडा मध्यभागी आहे की नाही हे पाहणे भाग पडते. जरा वाकडा असला की पिन छिद्राच्या कडेवर टेकते आणि वाकते. ज्या डायमध्ये जास्त जोर पडल्यावर दांडा मोडण्याऐवजी आपल्या पकडीतून वर सरकतो, ती शिकाऊ माणसासाठी बरी. दांडा सरकला की हात थांबवायची खूण मिळते.

काहीजण छिद्र ड्रिल करून २ मिलिमीटरचे करतात, म्हणजे जुनीच पिन चालते. लेखकाच्या मते हे शहाणपणाचे नाही. ज्या एकसारखेपणासाठी बारीक छिद्राचे पैसे मोजले तोच त्यात जातो आणि हाताने केलेली आठ छिद्रे आठ मापांची होतात. पिन स्वस्त असते, पुंगळी महाग.

पिन योग्य असूनही अडते, याची कारणे बहुतेक वेळा धुलाईत सापडतात. पुंगळ्या चकाकवण्यासाठी काही जण त्या स्टीलच्या बारीक सळ्या आणि साबणाच्या पाण्यात फिरवतात. यातल्या दोन सळ्या कधी एकाच छिद्रात शेजारी शेजारी जाऊन पाचरीसारख्या बसतात. अक्रोडाच्या टरफलाचा किंवा मक्याच्या कणसाचा भुगा वापरला तर त्याचा कण छिद्रात अडकतो. टोपी न काढताच पाण्यात धुतलेली पुंगळी आतून ओली राहिली, तर टोपीच्या घरात गंज धरतो आणि टोपी चिकटून बसते. लष्करी पुंगळ्यांत टोपीभोवती पितळेची कड दाबून तिला पक्के केलेले असते, तिथेही जास्त बळ लागते. कधी पिन टोपीचा तळ फोडून पार जाते आणि टोपीची फक्त कडी घरात अडकून राहते. अशी पुंगळी टाकून द्यावी, ती कडी उकरत बसू नये.

न झाडलेली, जिवंत टोपी पिनेने काढण्याचा मोह कोणालाही होऊ नये. टोपीतले मिश्रण धक्क्याने पेटण्यासाठीच बनवलेले असते. जळक्या टोपीतही काजळी उरते आणि तिच्यात शिसे असते, कारण टोपीच्या मिश्रणात शिशाचे संयुग वापरतात. गॅरेजचा मालक काम झाल्यावर हात साबणाने धुऊनच स्वयंपाकघरात पाय ठेवायचा आणि त्या टेबलावर कोणालाही काही खाऊ द्यायचा नाही. लहान मुले असलेल्या घरात हा नियम टेबलापुरता न ठेवता कपड्यांपर्यंत न्यावा.

लेखक सौंसरला परतला तेव्हा त्याची विद्या इथे निरुपयोगी ठरली आणि ते चांगलेच झाले. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी छिंदवाड्यातून वेगळा झालेला पांढुर्णा जिल्हा मुख्यतः पांढुर्णा आणि सौंसर या तालुक्यांचा. संत्रे, कापूस, मका, हरभरा ही इथली पिके आणि रात्री बगीच्यात, वावरात शिरणारे रानडुक्कर आणि रोही ही कास्तकारांची कायमची तक्रार. पीकरक्षणासाठी परवान्याच्या बंदुका काही घरांत आहेत, बारा बोरच्या आणि .३१५ च्या. बारा बोरच्या काडतुसाची गोष्ट वेगळी, त्याची पुंगळी प्लास्टिकची आणि टोपीही निराळ्या घडणीची. .३१५ हे माप भारतात रुजले त्याला कायदा कारण आहे. .३०३ हे लष्कर आणि पोलिसांचे माप, नागरिकांना त्याची परवानगी नव्हती, म्हणून इशापूरच्या कारखान्याने .३१५ ची रायफल नागरिकांसाठी काढली.

नात्यातल्या एका घरी जुनी .३०३ ची रिकामी पुंगळी देवघराच्या कोनाड्यात ठेवलेली होती. घरातल्या तरुणांनी लेखकाकडून ‘टोपी कशी काढतात’ हे ऐकले होते आणि खिळा व हातोडी घेऊन आधीच प्रयत्न करून पाहिला होता. खिळा वाकला. मोबाईलचा टॉर्च आत धरल्यावर कारण दिसले. मधोमध छिद्रच नव्हते. बुडाच्या मध्यभागी पितळेचा उंचवटा होता आणि त्याच्या दोन बाजूंना सुईएवढी दोन छिद्रे होती. उंचवट्यावर खिळ्याचा खड्डा पडला होता.

पुंगळ्यांचा हा दुसरा घाट. १८६० च्या दशकात हायरम बर्दान या अमेरिकन माणसाने तो काढला, तर मधोमध एक छिद्र असलेला घाट एडवर्ड बॉक्सर या इंग्रज अधिकाऱ्याने. गंमत अशी, की अमेरिकेने इंग्रजाचा घाट उचलला आणि ब्रिटनच्या लष्करी .३०३ मध्ये अमेरिकन बर्दानचा शिरला. १८६९ मध्ये पुण्याजवळ खडकीत सुरू झालेल्या दारूगोळा कारखान्यातही .३०३ ची काडतुसे बर्दान पद्धतीनेच बनत. बर्दान पुंगळीची टोपी आतून पिनेने काढता येतच नाही. परदेशात ती बाहेरून आकड्याने उचकटतात किंवा पुंगळीत पाणी भरून दाबाने काढतात. म्हणजे बारीक छिद्राच्या पुंगळीबद्दलचा मूळ प्रश्न ‘पिन किती बारीक हवी’ हा नसून ‘छिद्र कुठे आहे आणि किती आहेत’ हा आहे. उत्तर टॉर्च देतो.

आपल्याकडे त्यापुढचा प्रश्न कायद्याचा. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातले कलम ५ परवान्याशिवाय शस्त्र किंवा दारूगोळा घडवण्यास मनाई करते आणि शिक्षेची तरतूद कलम २५ मध्ये आहे. ‘दारूगोळा’ या शब्दाच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रेही येतात. परवाना बंदूक बाळगण्याचा असतो. काडतूस घरी भरण्याची मुभा त्यात नसते. परदेशातून कोणी प्रेस किंवा डाय भेट म्हणून आणण्याची गोष्ट काढली तर स्पष्ट नकार द्यावा. रानडुकराचा त्रास असेल तर वन विभागाकडे अर्ज करावा, कारण परवान्याची बंदूक हाती असली तरी विनापरवानगी शिकार वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

वावरात किंवा ओढ्याकाठी पुंगळी सापडली तर ती मुलांच्या हाती देऊ नये, चुलीत टाकू नये आणि पितळेचा भाव मिळेल म्हणून भंगारवाल्याकडेही नेऊ नये. टोपी झाडली गेलेली आहे की नाही हे गंजलेल्या बुडावरून सगळ्यांना सांगता येत नाही. जवळच्या ठाण्यात कळवणे सर्वांत बरे. कोनाड्यातली ती .३०३ ची पुंगळीही घरच्यांनी ठाण्यात जमा केली. आणि ज्यांची मुले परदेशी आहेत त्यांनी नागपूरच्या विमानतळावर जाण्यापूर्वी जुन्या बॅगांचे सगळे कप्पे उलटे करून झटकावेत. विसरलेली एक रिकामी पुंगळी तपासणीत सापडली, तरी विमान सुटते आणि माणूस ठाण्यात बसतो.